तुम्ही न पाहिलेले रात्रीचे नऊ

गारखेडा, औरंगाबाद
११ मार्च २०१६

अण्णा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, तोवर करावासा वाटला तर. फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. हे पत्र तुम्ही फाडाल, पण वाचून फाडाल. कचेरीत जन्म काढलेला माणूस आलेला कागद वाचल्याशिवाय राहत नाही.

काल हिमांशूचा जामीन नाकारला. माझा नवरा म्हणून तुम्हाला त्याचं सोयरसुतक नसेल, पण तो तुमचा मुलगाही आहे, म्हणून कळवते.

त्या रात्रीचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. खरं एवढंच आहे की तो दुसरी पाळी संपवून वाळूजहून घरी येत होता. बायपासच्या पलीकडे नवे प्लॉट पडलेत, तिथं नळ नाही. टँकर उशिरा आला होता आणि बायका हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आपली गाडी सरळ त्या रांगेत शिरली. मनकर्णाबाई नावाची बाई जागच्या जागी गेली. लोकांनी हिमांशूला बाहेर ओढलं तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं, डोळे उघडत नव्हते. लोक म्हणाले, पिऊन आहे. पोलिसांनी तेच लिहिलं. रक्त घेतलं दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यात काही निघालं नाही, तर म्हणाले, इतक्या वेळानं काय निघणार?

तरीही वकिलांना आशा होती. मग सरकारी वकिलांनी तुमचा जबाब काढला. "पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास मुलगा दारू पिऊन घरी आला. त्याला उभं राहता येत नव्हतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे." बापच सांगतोय म्हटल्यावर न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढं काय होणार ते मला तेव्हाच कळलं.

अण्णा, रात्रीचे नऊ तुम्ही आयुष्यात पाहिलेले नाहीत.

तुम्ही ऊन असताना जेवता. देवाजवळ दिवा लागला की तुमची मान पडते. आमच्या लग्नात स्वागत समारंभाला तुम्ही खुर्चीतच घोरत होता आणि माझे काका म्हणत होते, मुलाच्या वडिलांना दगदग फार झाली. तुमचे चिरंजीव तरी कुठं वेगळे? लग्नाच्या रात्री मी दागिने काढून ठेवेपर्यंत ते गाढ झोपले होते. पहाटे तीनच्या सुमाराला उठून मला म्हणाले, चहा टाकू का? मी हसून हसून बेजार झाले होते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री आम्ही पैठणला पोचलो तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत झोपला होता. दार शेजारच्या साहेबरावांनी उघडलं. हिमांशू आठवडाभर दुसरी पाळी करून आला होता, त्याची जीभ जड झाली होती. साहेबरावांनी पाहिलं, त्यांना वाटलं, आणि पहाटे घाटावर त्यांनी तुमच्या कानात घातलं. त्या दिवसापासून तुमचं दार आम्हाला बंद. दार बंद केलंत ते केलंत, पण न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून का सांगितलीत? पोलिसांत जा आणि सांगा की मी झोपलो होतो. एवढंच मागते.

मंजुषा


गारखेडा
६ एप्रिल

अण्णा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "ब्राह्ममुहूर्ती उठणे हा आमच्या घराण्याचा सात पिढ्यांचा संस्कार आहे. मुलगा संध्याकाळी लडखडतो तो संस्कार सोडल्यामुळे. त्यास रोगाचे नाव देऊन पांघरूण घालू नये." अक्षर अजून मोत्यासारखं आहे तुमचं.

रोगाचं मी मागच्या पत्रात लिहिलंच नव्हतं. म्हणजे वकील तुम्हाला फोनवर बोलले. बरं झालं, माझं काम हलकं झालं.

माझी धाकटी बहीण स्वरदा, जिला तुम्ही बेडूक कापणारी म्हणता, ती हैदराबादला पेशींवर संशोधन करते. मागं एका दिवाळीला ती आमच्याकडे आली होती. हिमांशू दिवेलागणीला मान टाकतो आणि पहाटे ताजातवाना उठून कपडे इस्त्री करतो, हे पाहून तिचे डोळे चमकले. रीतसर सह्या घेऊन तिनं त्याच्या दंडातून मसुराएवढा कातडीचा तुकडा नेला. त्या पेशी तिनं काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्यात काजव्याचा गुण घातला, म्हणजे पेशीतलं घड्याळ चढेल-उतरेल तसा उजेड कमी-जास्त होतो. त्या बशीला ऊन नाही, डोळे नाहीत, रामरक्षा नाही, तुमचा धाक नाही. नुसती कातडी. तरी तिचा दिवस इतर माणसांच्या दिवसापेक्षा आखूड भरला, हे तिनं मला गेल्या महिन्यात कळवलं.

तुम्हाला समजेल असं सांगते. प्रत्येक पेशीत एक प्रथिन साठत जातं. पुरेसं साठलं की ते स्वतःचंच उत्पादन थांबवतं, मग मोडत जातं, आणि मोडून संपलं की पुन्हा साठायला लागतं. हा एक फेरा म्हणजे आपला एक दिवस. आता ते मोडायचं कधी, हे ठरवायला दुसरं एक प्रथिन त्याच्यावर खुणा करत असतं. हे खुणा करणारं नुसतं घड्याळाच्या चाकरीला नाही. पेशीला बाहेरून जे निरोप येतात, वाढ, थांब, दुरुस्ती कर, ते आत पोचवतानाही त्याचा हात लागतो. तुमच्या कचेरीत एकच शिरस्तेदार सगळ्या टेबलांच्या फायलींवर शेरा मारायचा ना, तसं. हिमांशूच्या घड्याळाच्या प्रथिनात जिथं शेरा पडायचा ती जागाच जन्मतः बदललेली आहे. शेरा नाही म्हणून फाईल टिकत नाही. प्रथिन लवकर मोडतं, फेरा लवकर संपतो, आणि संध्याकाळी सात वाजता त्याच्या अंगात मध्यरात्र होते.

मी स्वरदाला विचारलं, मग वर्षभर दुसरी पाळी केली तर शरीर शिकत का नाही? ती म्हणाली, डोळ्यांत शिरलेला उजेड मेंदूपर्यंत निरोप नेतो आणि घड्याळ थोडं मागं-पुढं ढकलतो. कंपनीतले दिवेही त्याला ढकलत होते. पण सकाळचं ऊन पडलं की ते पुन्हा आपल्या जागी जायचं. कंपनी वाढली तशी त्याला कायमची दुसरी पाळी दिली, तेव्हा त्यानं पहिली मागून पाहिली होती. साहेब म्हणाले, झोप काय, सगळ्यांनाच येते.

आईंच्या पेशीत हे नव्हतं, अण्णा. त्या परक्या घरातून आलेल्या. तुमच्याबरोबर पहाटे उठायच्या आणि रात्री सगळं आवरून, ओटा पुसून मगच पाठ टेकायच्या. दुपारी डोळा लागला तर तुम्ही त्याला आळस म्हणायचा आणि मला सूर्यवंशी. त्या गेल्या तेव्हा बायका म्हणाल्या, झोपल्यासारख्याच दिसतात. मला वाटलं, आता तरी झोपू द्या.

वकील म्हणतात, एका माणसाचा अहवाल, तोही मेहुणीच्या प्रयोगशाळेतला, कोर्ट बाजूला सारील. बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी हवी, आणि घराण्यातल्या आणखी कुणाच्या तरी रक्तात तीच गोष्ट दिसायला हवी. म्हणजे हे जन्माचं आहे, बाटलीतलं नाही, हे सिद्ध होईल. रक्ताचं मोठं माणूस तुम्हीच उरलात. थोडं रक्त द्या आणि तो जबाब मागं घ्या.

तुमच्या सात पिढ्यांचं पुण्य कमी होणार नाही. ते पुण्य कधी नव्हतंच, एवढंच कळेल. रागवा हवं तर, पण रक्त द्या.

मंजुषा


गारखेडा
२ मे

अण्णा,

तुमचं उत्तर नाही. हरकत नाही, मला आता तुमच्याशी एकटीनं भांडायची सवय झाली आहे.

हर्सूलच्या तुरुंगात जाऊन आले. हिमांशू वाळलाय. बराकीत रात्रभर दिवा असतो, तरी तो सातला झोपतो. बाकीचे पत्ते कुटतात, हा झोपतो. पहाटे बाकीचे घोरतात तेव्हा हा मांडी घालून बसलेला असतो. शेजारचे त्याला महाराज म्हणतात. तुम्हाला ऐकून बरं वाटेल.

मी त्याला स्वरदाचं सगळं सांगितलं. वाटलं, त्याचा जीव हलका होईल. तो म्हणाला, "मंजू, म्हणजे मला झोप येणारच होती. आणि ते मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं एवढंच. किल्ली तर मीच फिरवली ना?" मी म्हटलं, असं वकिलांसमोर बोलू नकोस. तो म्हणाला, "त्या बाईच्या घरी कुणी जाऊन आलं का?"

कुणी गेलं नव्हतं. मग मी गेले. घर म्हणजे विटा रचून वर पत्रे टाकलेत. गावाकडची विहीर आटली म्हणून दोन वर्षांपूर्वी ती माणसं इथं आली, इमारतींच्या कामावर. मनकर्णाबाईंचा मुलगा पुंडलिक ड्रमवर बसला होता. मी कोण ते सांगितलं. त्यानं मला हाकललं नाही. मी झोपेचं, पेशींचं, सगळं सांगत गेले. बोलता बोलता मलाच माझा आवाज नकोसा झाला.

तो म्हणाला, "गाडीच्या भाईर म्याच वढलं त्याला. वास नव्हता, खोटं कशाला बोलू? पण बाई, पेला व्हता का झोपला व्हता, त्यानं माझी माय वापस येती व्हय? दोन हंड्यांसाठी उभी व्हती ती. इथं कुणाला झोप हाय? टँकर कवा येईल तवा उठायचं. तुमच्या माणसाला झोप आली, ती रोग झाली. आमाला झोप येती ती कुणी इचारतच नाय."

निघताना त्यानं पाणी विचारलं. अर्धा तांब्या. मी प्यायले, नाही म्हणणं आणखी वाईट झालं असतं.

वास नव्हता हे तो कोर्टात सांगेल का, हे मी विचारलं नाही. त्याच्याकडे मागायला मला तोंड नाही. तुमच्याकडे मागायला आहे.

तुमची नात ओवी बरी आहे. तिसरीत पहिली आली. लवकर झोपते, लवकर उठते. सगळीच मुलं उठतात.

मंजुषा


गारखेडा
२३ मे

अण्णा,

तुम्ही आलात. रिक्षातून पिशवी घेऊन उतरलात तेव्हा मी गॅलरीतून पाहिलं आणि तीन पत्रांत लिहिलेलं सगळं विसरून खाली पळत आले. तुम्ही नुसतं म्हणालात, "पाणी आहे का गं तुमच्याकडे? हातपाय धुवायचे होते." नळ येऊन पाच दिवस झाले होते, तरी मी बादली काढली.

तुमच्या येण्यानं ओवीला काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पहाटे मी उठले तर स्वयंपाकघरात तुमचं दोघांचं हसणं. तिनं तुमच्या अंगावर गडूनं मोजून पाणी घातलं होतं आणि तुम्ही तिला श्लोक शिकवत होता. मला पाहून म्हणालात, "पोरीत आमचं वळण उतरलंय हो. कुणी उठवावं लागत नाही." मी तेव्हा गॅसकडे तोंड करून उभी राहिले. का, ते आत्ता लिहीत नाही.

तुम्ही वकिलांकडे यायला तयार झालात. जबाब बदलीन असं म्हणाला नाहीत, पण यायला तयार झालात. ते दिवसभर कोर्टात, पक्षकारांना भेटतात संध्याकाळी. त्यात आमच्या आधी दोघं होते. सव्वाआठ वाजले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसताना तुम्ही मला म्हणालात, वकिलाशी बोलणं नीट झालं. अण्णा, बोलणं झालंच नाही. काय झालं ते तुम्हाला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते.

आत बोलावलं तेव्हा मी तुम्हाला दंडाला धरून उठवलं. तुम्ही दाराच्या चौकटीला खांदा लावून चाललात. वकिलांनी विचारलं, "पंत, वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री तुम्ही नक्की कुठं होता?" तुम्ही म्हणालात, "मी पाहिलं." मग म्हणालात, "मी नाही पाहिलं." मग कचेरीतल्या कुठल्याशा साहेबाला हाक मारलीत. तुमची जीभ जड झाली होती. डोळे अर्धे, लाल. वाक्य अर्धवट टाकून तुम्ही पुढं झुकलात आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास सांडला.

तिथला ज्युनियर मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाभी, दादाजीने थोडी घेतली क्या? उमर में चलता है, लेकिन साक्षीला असं आणू नका."

तुम्ही, अण्णा. कांदासुद्धा न खाणारे तुम्ही.

तुम्हाला दुखवावं म्हणून नाही लिहीत. खोटं कशाला, थोडं त्यासाठीही लिहिते. पण त्याहून जास्त यासाठी की त्या खोलीत मला पहिल्यांदा तुमची दया आली. हुबेहूब हिमांशू. तशीच मान, तसाच खालचा ओठ लोंबलेला. तुम्ही स्वतःला असं कधी पाहिलेलं नाही, आणि जो असा दिसला त्याला घराबाहेर काढलंत.

रक्त न देताच गेलात. दुपारच्या वेळी कागद करून घेऊ, वकील पैठणला यायला तयार आहेत. कळवा.

मंजुषा


गारखेडा
१९ जून

अण्णा,

हे पत्र कुठंही टाकायचं नाही. हिमांशू बाहेर आला की त्याला वाचायला देईन. पण लिहिते तुम्हालाच.

साहेबरावांचा फोन आला तेव्हा ते आधी रडलेच. मग म्हणाले, "सूनबाई, पंत रोज अंधार पडला की घाटावर फिरायचे. आठ-पंधरा दिवस झाले आसतील. म्या इचारलं, काय चाललंय हे? तर म्हणले, जागायला शिकतोय. मनावर घेतलं तर माणूस जागू शकतो, संस्कार हाय, रोग नाय, हे दाखवून देतो म्हणले. पाय लई लटपटायचे हो त्यांचे. मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला पाठ आहे, साहेबराव," मी म्हटलं.

त्या पायऱ्यांवरून तुम्ही पडलात. नदीत पाणी असतं तर कुणी ओढून काढलं असतं. पात्रात यंदा नुसते दगड आहेत. माझं पत्र वाचून तुम्ही रागानं पुन्हा गप्प बसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही अभ्यासाला बसाल असं कसं वाटलं असतं? कातडीच्या पेशीशी कुणी हट्टानं भांडतं का? पण तुम्ही तेच करणार हे मला कळायला हवं होतं. तुमच्या घराण्यात मी बारा वर्षं काढली आहेत.

हवालदारानं मला विचारलं, "म्हातारा घेत होता का? शेजारी म्हणतात, रोज झोकांड्या खात होता." अण्णा, जे तुम्ही मुलासाठी सांगितलं नाहीत ते मी तुमच्यासाठी सांगितलं. म्हटलं, "नाही. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. त्यांना संध्याकाळी झोप यायची. जन्मापासून. त्यांच्या मुलालाही येते. लिहा." त्यानं दोन ओळींत लिहिलं आणि मी सही केली.

तुम्हाला अग्नी द्यायला हिमांशूला आणलं होतं, दोन शिपायांमध्ये. त्यानं तुमच्या पायांना हात लावला. वकील म्हणतात, जबाब देणाराच राहिला नाही, आता त्या जबाबाला फारसं वजन उरणार नाही, जामीन बहुधा होईल. मी त्यांना फोन ठेवा म्हटलं.

आता ते राहिलेलं. तुमच्या रक्तावाचून काही अडलं नव्हतं. घराण्यातलं आणखी एक रक्त माझ्या घरात होतं, माझ्या शेजारी झोपत होतं. स्वरदानं मार्चमध्येच सांगितलं होतं, ताई, ओवीचं चालेल. मी म्हटलं, पोरीचं नाव मनुष्यवधाच्या खटल्याच्या कागदांवर जायला नको, रोगाचा शिक्का नको, उद्या तिला कोण करून घेईल? स्वरदाला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही. आणि तुम्हाला पत्रं लिहीत बसले की लाज सोडा. तुम्ही घराण्याची झाकत होता, मी पोरीची. तुम्ही पुण्य म्हणालात, मी पोर लवकर झोपते म्हणाले.

सोमवारी ओवीचं रक्त दिलं. सुई टोचताना तिनं विचारलं, आजोबांचं पण घेतलं का? मी हो म्हटलं.

काल पहाटे जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. अर्ध्या बादलीत अंघोळ करून देवापुढं बसली होती, केस ओले, तुम्ही शिकवलेला श्लोक म्हणत. मधली एक ओळ तिला येत नाही, तिथं आली की थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणते. मलाही ती ओळ माहीत नाही. मी तिला झोप म्हटलं नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले. डोळे मिटत होते, पण बसले.

पहिल्या पत्रात नमस्कार शेवटी करीन म्हटलं होतं. तो राहिला होता, अण्णा.

साष्टांग नमस्कार.

तुमची सून,
मंजुषा